मुक्या ठरवलेल्या माणसांविषयी

१८६६ साली पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळाने आपल्या नियमांत एक कलम घातले : भाषेच्या उगमाविषयीचा कोणताही निबंध मंडळ स्वीकारणार नाही. त्या काळी या विषयावर कल्पनेच्या भराऱ्या इतक्या मारल्या जात होत्या आणि पुरावा इतका तोकडा होता की ही बंदी अगदीच अनाठायी म्हणवत नाही. पण त्याच्या दहा वर्षे आधी, १८५६ साली, जर्मनीत ड्युसेलडॉर्फजवळच्या निअँडर खोऱ्यात चुनखडी काढणाऱ्या मजुरांना एका गुहेत काही हाडे सापडली होती. योहान कार्ल फुलरॉट या शिक्षकांनी त्यांचे महत्त्व ओळखले आणि १८६४ मध्ये विल्यम किंग यांनी त्या प्राण्याला ‘होमो निअँडरथलेन्सिस’ असे नाव दिले. तशा कवट्या बेल्जियममध्ये आणि जिब्राल्टरला त्याआधीही निघाल्या होत्या, त्यांची ओळख मात्र पुढे पटली. आपल्यासारखी, तरीही आपल्याहून वेगळी माणसे या पृथ्वीवर होऊन गेली हे तेव्हा प्रथम मान्य होऊ लागले. भाषेच्या उगमाचा प्रश्न विद्वानांच्या सभेतून हद्दपार झाला तो असा, त्याबाबत सर्वांत मोलाची साक्ष देऊ शकणारे अवशेष नुकतेच हाती आले असताना.

निअँडरथलांना भाषा होती का, हा या पुस्तकाचा विषय आहे. नामशेष झालेले आपले नातलग अनेक आहेत. मी निअँडरथलांची निवड केली, कारण त्यांची हाडे सर्वाधिक मिळाली आहेत, त्यांचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला आहे आणि त्यांनी मागे ठेवलेल्या वस्तू युरोपपासून सैबेरियापर्यंत विखुरलेल्या आहेत. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. निअँडरथल बोलत होते, त्यांच्या बोलण्यात शब्द होते आणि त्या शब्दांची काही एक जुळणी होती, असे मानण्याइतका पुरावा आज आपल्याजवळ आहे. यांतला कोणताही एक पुरावा एकट्याने हे सिद्ध करत नाही. पण कंठ, कान, श्वास, जनुके आणि हातांची कामे यांचा रोख एकाच दिशेला आहे. ते मुके होते असे ज्यांना म्हणायचे असेल, त्यांच्यावर आता ते दाखवून देण्याची जबाबदारी येते. गेली शंभर वर्षे ही जबाबदारी उलट्या बाजूला टाकलेली होती. ती तशी का पडली हे आधी पाहायला हवे.

१९०८ मध्ये फ्रान्समधील ला शापेल-ओ-सँ येथे एका वृद्ध निअँडरथलाचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला. मार्सेलिन बूल यांनी त्याचा सविस्तर अभ्यास १९११ ते १९१३ या काळात प्रसिद्ध केला आणि गुडघ्यांत वाकलेला, मान पुढे काढून चालणारा, बुद्धीने मंद असा एक प्राणी जगापुढे उभा केला. त्या सांगाड्याचे सांधे संधिवाताने झिजलेले होते आणि निरोगी निअँडरथल आपल्याइतकाच ताठ चालत असणार, हे १९५७ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवले. पण तोवर वाकलेल्या निअँडरथलाचे चित्र पाठ्यपुस्तकांत आणि संग्रहालयांत रुजले होते. १९७१ मध्ये भाषाशास्त्रज्ञ फिलिप लीबरमन आणि शरीररचनातज्ज्ञ एडमंड क्रेलिन यांनी त्याच कवटीवरून निअँडरथलाच्या घशाची रचना अनुमानाने बांधली. त्यांचा निष्कर्ष असा की निअँडरथलाचे स्वरयंत्र नवजात बाळासारखे वरच्या बाजूला होते, जीभ बहुतांशी तोंडातच सामावलेली होती, त्यामुळे आ, ई, ऊ हे टोकाचे तीन स्वर त्याला स्पष्ट काढता येत नसत. लीबरमन यांनी त्याला भाषाच नव्हती असे म्हटलेले नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. त्याचे बोलणे संथ आणि मर्यादित असेल, एवढेच त्यांचे म्हणणे होते. लोकांच्या मनात मात्र ‘निअँडरथल बोलू शकत नव्हता’ असाच त्याचा सारांश उरला.

या निष्कर्षाचा पाया कच्चा होता. तुकड्या-तुकड्यांतून जोडलेल्या त्या कवटीचा तळ जितका सपाट मानला गेला होता तितका तो नव्हता, हे पुढच्या पुनर्रचनेत दिसले. त्याहून मोठी अडचण अशी की घसा मऊ असतो आणि तो मातीत टिकत नाही. टिकते ते फक्त जिभेच्या बुडाशी असलेले हायॉइड नावाचे लहानसे हाड. ते दुसऱ्या कोणत्याही हाडाला जोडलेले नसल्याने फार क्वचित सापडते. १९८३ मध्ये इस्राएलमधील कार्मेल डोंगरातल्या केबारा गुहेत सुमारे साठ हजार वर्षांपूर्वीच्या निअँडरथलाचे हे हाड मिळाले. बारुख आरेन्सबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. आपल्या हाडापासून ते वेगळे काढता येत नव्हते. २०१३ मध्ये त्याची आतली सूक्ष्म घडण क्ष-किरणांनी तपासली गेली. हाडावर रोज पडणाऱ्या ताणानुसार आतली घडण बदलत जाते, आणि या हाडावरचा ताण आपल्यासारखाच असावा असे त्या तपासणीतून दिसले. स्पेनमधील आतापुएर्का येथील ‘सिमा दे लोस वेसोस’ या खोल खड्ड्यात सुमारे चार लाख तीस हजार वर्षांपूर्वीची, निअँडरथलांच्या पूर्वजांच्या शाखेची माणसे सापडली. त्यांचीही ही हाडे मानवी घडणीची आहेत. याउलट इथिओपियातील दिकिका येथे सापडलेल्या तेहतीस लाख वर्षांपूर्वीच्या ऑस्ट्रॅलोपिथेकस बालिकेचे हाड वानरांसारखे आहे. म्हणजे बदल झाला तो या दोहोंच्या मधल्या काळात, आणि आपली व निअँडरथलांची वाट वेगळी होण्याच्या सुमारास तो होऊन गेलेला होता.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो : हाडाच्या आकारावरून स्वरयंत्र किती खाली होते ते कळत नाही. आक्षेप खरा आहे, पण तो दोन्ही बाजूंना लागू पडतो. लाल हरणाच्या नराचे स्वरयंत्रही बरेच खाली असते आणि हंबरताना तो ते छातीच्या हाडापर्यंत ओढतो, असे २००१ मध्ये टेकम्से फिच आणि डेव्हिड रेबी यांनी दाखवून दिले. हरणाला त्यातून भाषा आली नाही. २०१६ मध्ये फिच व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत मकाक माकडांच्या क्ष-किरण चित्रफितींवरून त्यांच्या घशाचे संगणकीय प्रतिरूप तयार केले. माकडाच्या घशातूनही पुरेसे वेगवेगळे स्वर निघू शकतात असे आढळले. त्याला जे जमत नाही ते घशामुळे नव्हे, मेंदूमुळे. ही गोष्ट मान्य केली की ‘घसा तसा नव्हता म्हणून भाषा नव्हती’ हा युक्तिवाद उरतच नाही. शिवाय तीन स्वर अस्पष्ट असते तरी काय बिघडले असते? बहिऱ्या माणसांच्या खुणांच्या भाषा एकही ध्वनी न वापरता व्याकरणाने परिपूर्ण असतात. निकाराग्वामध्ये १९७० च्या दशकाअखेरीस बहिऱ्या मुलांसाठी शाळा सुरू झाल्या आणि एकत्र आलेल्या त्या मुलांनी काही वर्षांत आपली आपण नवी भाषा घडवली. भाषेला माध्यम लागते, पण ते अमुकच असावे असे नाही.

कंठापेक्षा मला कानाचा पुरावा अधिक विचार करायला लावतो. २०२१ मध्ये मेर्सेदेस कोंदे-वाल्वेर्दे आणि सहकाऱ्यांनी निअँडरथलांच्या कवट्यांतील कानाच्या पोकळ्यांची त्रिमितीय मोजमापे घेऊन त्यांना कोणते ध्वनी किती चांगले ऐकू येत असतील याचा हिशेब मांडला. आपल्या कानाचा चांगल्या ग्रहणाचा पट्टा चिंपांझीपेक्षा रुंद आहे. निअँडरथलांचा पट्टा आपल्याइतकाच निघाला, आणि सिमातल्या त्यांच्या पूर्वजांचा त्याहून अरुंद. वाढलेला भाग आहे तो वरच्या कंप्रतेचा. स, श, त, क यांसारखी व्यंजने तिथेच ओळखू येतात. काळ, टाळ, बाळ, गाळ या शब्दांना वेगळे करणारी एकेक व्यंजने कानाने गाळली असती तर बोलणे किती पंगू झाले असते, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. महत्त्वाची बाब ही की हा पट्टा निअँडरथलांच्या स्वतःच्या वंशात, आपल्यापासून वेगळे झाल्यानंतर, रुंदावत गेला. कवटीचा आकार बदलला आणि त्यासोबत कानही बदलला, असे कोणी म्हणू शकेल. तसे असेल तर तो बदल नेमका आपल्या बोलण्याच्या पट्ट्याइतका रुंद होऊन का थांबला, याचे उत्तर द्यावे लागेल. शरीरशास्त्राने क्षमता कळते, वापर कळत नाही. ही मर्यादा मी मानतो. पण लाखो वर्षे ज्याचा वापरच नाही असा नाजूक अवयव निसर्ग घडवत बसत नाही. श्वासाचेही तसेच. लांब वाक्य एका दमात बोलायचे तर बरगड्यांमधल्या स्नायूंवर बारीक ताबा लागतो आणि त्यासाठी पाठीच्या कण्यातून जाणारी मज्जातंतूंची नळी रुंद असावी लागते. अॅन मॅकलार्नन आणि ग्वेन ह्युइट यांनी १९९९ मध्ये मोजले तेव्हा निअँडरथलांची नळी आपल्यासारखीच रुंद आढळली.

जनुकांच्या बाबतीत मात्र वाचकाने सावध राहावे, कारण इथे उत्साह आणि निराशा दोन्ही अतिरेकी झाल्या. लंडनमधील एका कुटुंबात तीन पिढ्यांपासून निम्म्या माणसांना उच्चारण आणि व्याकरण जड जात होते. २००१ मध्ये त्याचे कारण ‘फॉक्स-पी-२’ या जनुकातील बिघाडात सापडले. माणसाच्या या जनुकात चिंपांझीहून वेगळे असे दोन बदल आहेत, ते अगदी अलीकडचे असावेत असे २००२ मध्ये मांडले गेले, आणि वर्तमानपत्रांनी त्याला लगेच ‘भाषेचे जनुक’ करून टाकले. २००७ मध्ये उत्तर स्पेनमधील एल सिद्रोन गुहेतल्या निअँडरथलांच्या हाडांत तेच दोन बदल मिळाले. २०१८ मध्ये अधिक व्यापक नमुन्यांवरून असे दिसले की हे जनुक आपल्यात अलीकडे झपाट्याने पसरल्याचा पुरावाच टिकत नाही. म्हणजे निअँडरथलांना त्यावरून वगळता येत नाही, तसे केवळ त्याच्या जोरावर त्यांना भाषा बहालही करता येत नाही. माझ्या मताच्या विरुद्ध जाणारे शोधही आहेत. चेहरा आणि स्वरयंत्र घडवणाऱ्या जनुकांचे नियमन आपल्यात निअँडरथल व त्यांचे नामशेष झालेले नातलग डेनिसोव्हन यांच्याहून वेगळे आहे, असे २०२० मध्ये दिसले. ‘नोव्हा-१’ या जनुकाचे एक रूप आपल्यात जवळजवळ सार्वत्रिक आहे, निअँडरथलांत नव्हते, आणि ते उंदरांत घातले असता त्यांचे आवाज बदलतात, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. हे शोध गंभीरपणे घ्यायला हवेत. निअँडरथलांचा आवाज आणि त्यांचे बोलणे आपल्याहून वेगळे असू शकते हे त्यांतून सूचित होते. ते बोलतच नव्हते, हे मात्र त्यांतून निघत नाही.

आता हातांच्या कामांकडे येतो. नैर्ऋत्य फ्रान्समधील ब्रुनिकेल गुहेत, तोंडापासून ३३६ मीटर आत, जिथे दिवसाचा कणभर उजेड पोहोचत नाही तिथे, मोडून आणलेल्या लवणस्तंभांची दोन मोठी कडी रचलेली आहेत. सुमारे चारशे तुकडे, वजन दोन टनांहून अधिक, आणि त्यांवर जागोजाग आग पेटवल्याच्या खुणा. २०१६ मध्ये त्यांचे वय ठरले : एक लाख शहात्तर हजार पाचशे वर्षे. त्या काळी युरोपात निअँडरथलांखेरीज कोणी नव्हते. ही कडी कशासाठी रचली ते कळायला मार्ग नाही. पण अंधारात दिवे घेऊन जाणे, तुकडे साधारण सारख्या मापाचे मोडणे, वाहून आणणे, एकावर एक ठेवून मध्ये टेकू देणे, हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. ज्यांनी ते केले त्यांना ते घडण्याआधी एकमेकांना सांगावे लागले असणार, आणि सांगायचे होते ते समोर नसलेल्या गोष्टीबद्दल. समोर नसलेल्या गोष्टीबद्दल दुसऱ्याशी बोलता येणे, हेच तर भाषेचे पहिले सामर्थ्य. फ्रान्समध्येच आब्री द्यु मारास येथे एका दगडी पात्यावर चिकटलेला, चाळीस-पन्नास हजार वर्षांपूर्वीचा दोरीचा इवलासा अवशेष मिळाल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. झाडाच्या आतल्या सालीचे धागे एका बाजूने पिळलेले आणि असे तीन पदर उलट्या बाजूने पिळून एकत्र केलेले. दोर वळणाऱ्याला पदरांचा हिशेब डोक्यात ठेवावा लागतो. लहान घटक, त्यांतून मोठा घटक, त्यातून आणखी मोठा, ही रचना वाक्याच्या रचनेच्या जवळ जाते.

इथे आक्षेप येतात आणि ते भक्कम आहेत. जपानमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निअँडरथल वापरत त्या लव्हाल्वा पद्धतीचे, म्हणजे आधी घडवलेल्या गाभ्यातून निघणारे, दगडी छिलके काढायला एका गटाला बोलून आणि दुसऱ्याला फक्त दाखवून शिकवले गेले. दोन्ही गट सारखेच शिकले. मग दगडाच्या हत्यारावरून भाषा कशी ठरवायची? भूर्ज झाडाच्या सालीचा डांबरासारखा चीक निअँडरथल पाती मुठीला बसवायला वापरत. तो गाळायला मोठे कसब लागते असे मानले जाई. ही साल दगडाशेजारी नुसती जाळली तरी तसा चीक जमतो, असे २०१९ मध्ये दिसले. पण पुढे २०२३ मध्ये जर्मनीतील क्योनिग्साउए येथल्या मूळ नमुन्यांचे रासायनिक विश्लेषण झाले आणि ते हवा कोंडून, जमिनीखाली बनवलेले असावेत असे आढळले. एकेक वस्तू अशी तपासली तर काही टिकतील, काही गळतील. माझा भर म्हणूनच वस्तूंच्या कौशल्यावर कमी आणि सहकार्याच्या प्रकारावर जास्त आहे. हत्यार पाहून शिकता येते. उद्या गुहेच्या पोटात काय रचायचे ते पाहून शिकता येत नाही.

सर्वांत वजनदार विरोध भाषाशास्त्रातूनच येतो. नोम चॉम्स्की आणि रॉबर्ट बर्विक यांच्या मते भाषेचा गाभा म्हणजे दोन घटक जोडून तिसरा बनवण्याची आणि ते अमर्याद करत राहण्याची एक मानसिक क्रिया. ती आपल्या जातीतच, उशिरा आणि एकदम उद्भवली. पुराजीवशास्त्रज्ञ इयन टॅटरसल त्यांना साथ देताना म्हणतात की प्रतीके वापरणारे मन म्हणजेच भाषा असलेले मन, आणि निअँडरथलांची प्रतीके नगण्य आहेत. या मांडणीचा डौल मला मान्य आहे, पण तिची कसोटी आपल्या पूर्वजांनाच लावून पाहू. मोरोक्कोतील जेबेल इर्हूद येथील आपल्या जातीचे सर्वांत जुने अवशेष सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे. कोरलेला गेरू, ओवलेले शिंपले अशा निर्विवाद खुणा दिसू लागतात त्या साधारण दीड लाख वर्षांच्या अलीकडे. या कसोटीने आपल्या जातीचा निम्मा इतिहास मुका ठरतो. दुसरीकडे क्रोएशियातील क्रापिना येथे एक लाख तीस हजार वर्षांपूर्वी निअँडरथलांनी गरुडाच्या आठ नख्या कापून, घासून ठेवल्या होत्या. प्रतीके विरळ असणे हे लोकसंख्या विरळ असण्याचेही लक्षण असते, आणि निअँडरथलांची वस्ती नेहमीच विरळ होती. पुराव्याचा अभाव एका जातीत ‘अजून सापडला नाही’ आणि दुसरीत ‘नव्हताच’ असा वाचणे मला अन्याय्य वाटते. इराकमध्ये शनिदर गुहेत सापडलेला चाळिशी ओलांडलेला पुरुष इथे आठवतो. उजवा हात निकामी, डाव्या डोळ्याजवळ जबर मार, आणि कानांच्या मार्गांत हाड वाढल्याने ऐकण्यावरही परिणाम झालेला. असा माणूस दीर्घकाळ जगला, कारण त्याच्याशी कोणत्यातरी मार्गाने संवाद ठेवणारी माणसे भोवती होती.

२०१० मध्ये स्वान्ते पेबो यांच्या गटाने निअँडरथलांचा जनुकसंच वाचल्यावर आफ्रिकेबाहेरच्या सर्व माणसांत त्यांचा एक-दोन टक्के वारसा असल्याचे कळले. सैबेरियातील डेनिसोव्हा गुहेत निअँडरथल आई आणि डेनिसोव्हन बाप असलेल्या किशोरीचे हाड मिळाले. रुमानियातील एका आधुनिक मानवाचा निअँडरथल पूर्वज त्याच्या फक्त चार ते सहा पिढ्या आधीचा होता. हा वारसा आपल्यापासून दूर नाही. तीव्र कोविडचा धोका वाढवणारा, निअँडरथलांकडून आलेला एक जनुकपट्टा दक्षिण आशियातील सुमारे निम्म्या लोकांत आहे, म्हणजे मराठी घरांतही तो असणारच. संकरातून भाषा सिद्ध होते असे मी म्हणत नाही. पण ही मुले कोणत्यातरी टोळीत वाढली, त्यांना जोडीदार मिळाले, त्यांनी पुढची पिढी वाढवली. त्यांचे निम्मे रक्त पूर्णपणे भाषाहीन असते, तर हे इतक्या वेळा आणि इतक्या ठिकाणी घडणे मला अवघड दिसते.

निअँडरथलांकडे कथा होत्या का, भूतकाळ आणि भविष्यकाळ सांगणारी क्रियापदे होती का, यावर मी काही बोलणार नाही. त्यांच्याही मागे, होमो इरेक्टसपर्यंत भाषा नेणारे अभ्यासक आहेत. तितका मागे जाण्याइतका आधार मला दिसत नाही. दान देदिउ आणि स्टीव्हन लेव्हिन्सन यांनी २०१३ मध्ये मांडलेला सुमारे पाच लाख वर्षांचा अंदाज, म्हणजे आपल्या आणि निअँडरथलांच्या समाईक पूर्वजापर्यंतचा, मला आज सर्वांत समंजस वाटतो. पुढील प्रकरणे त्याच्या बाजूने आणि विरुद्ध असलेला पुरावा क्रमाने तपासतात.

भारतात निअँडरथलांचे एकही हाड सापडलेले नाही. मध्य प्रदेशात नर्मदाकाठच्या हथनोरा येथे १९८२ मध्ये अरुण सोनकिया यांना मिळालेली अपुरी कवटी हाच इथला इतक्या प्राचीन मानवाचा ठळक अवशेष आहे, आणि ती नेमकी कोणत्या जातीची यावर अजून एकमत नाही. तमिळनाडूतील अत्तिरमपक्कम येथे लव्हाल्वा पद्धतीची हत्यारे सुमारे तीन लाख पंच्याऐंशी हजार वर्षांपूर्वीपासून दिसतात. ती कोणी घडवली हे सांगणारे एकही हाड त्यांच्यासोबत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व आणि भाषाशास्त्र हे दोन्ही विभाग १९३९ पासून एकाच आवारात आहेत. मराठी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी या दोन्ही शाखांचे एकत्र वाचन करावे, आणि त्यांच्यापैकी काहींनी नर्मदेच्या थरांत अशा हाडांचा शोध घ्यायला जावे.